लाकडी फरशी स्वतः चिकटवायचीय, पण मामाच सुतार आहेत

प्रश्न असा आलाय: वाचक कोल्हापूरचे, वय पस्तिशीच्या आसपास, कारखान्यात नोकरी. घर वडिलोपार्जित, शहरातच, नदीकडच्या बाजूला. २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं, घरात आलं नाही. खाली जुना हॉल आहे, त्यात आजोबांच्या वेळची मोझॅक टाईल. वर मागच्या वर्षी स्लॅब टाकून बारा बाय पंधराची बेडरूम काढली, बाथरूम लागूनच, तिथं अजून नुसता कोबा आहे. आता हॉल आणि बेडरूम दोन्हीकडं इंजिनिअर्ड वूडची, म्हणजे लाकडाचे थर एकावर एक चिकटवून केलेल्या फळ्यांची, फरशी बसवायचीय, गोंदानं थेट जमिनीला चिकटवून, आणि तीही व्हिडिओ बघून स्वतःच्या हातानं. शाहूपुरीतल्या दुकानात मटेरियलचा ॲडव्हान्स देऊन झालाय. बायको म्हणते गौरी-गणपतीला पाहुणे यायच्या आत व्हायला पाहिजे. आई म्हणते तिचे चुलतभाऊ, म्हणजे मामा, आयुष्यभर सुतारकाम करत आलेत, घरातली सगळी दारं त्यांच्याच हातची, आता घरात लाकूड येणार आणि मामांना विचारलं नाही तर डावलल्यासारखं होईल. मामांना दिलं तर ते खाली रिपा, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, मारून त्यावर फळ्या खिळ्यानं ठोकतील, शिवाय पैसे घेणार नाहीत. बाहेरचा माणूस लावला तर मजुरी. वाचक विचारतात, "ताई, मी केलं तर मामा दुखावतील, मामांना दिलं तर पाहिजे तसं होणार नाही. काय करू? आणि मला एकट्याला जमेल का?"

जमेल. हे आधी सांगून टाकते म्हणजे जीव भांड्यात पडेल. पण वरच्या खोलीत जमेल, आणि गणपतीच्या आत नाही, दिवाळी झाल्यावर. खालच्या हॉलमध्ये मात्र करू नका, तुम्हीही नाही, मामांनीही नाही आणि पैसे घेऊन येणाऱ्या बाहेरच्या माणसानंही नाही.

तुमच्या पत्रात सगळी चर्चा हातांची आहे बघा. माझा हात, मामांचा हात, बाहेरच्याचा हात. ज्या जमिनीवर हे सगळं चिकटणार तिच्याबद्दल "नुसता कोबा" आणि "मोझॅक" एवढे दोनच शब्द. आणि गोंदाच्या फरशीचं खरं दुखणं तिथंच असतं. फळी कापणं, ठोकून बसवणं हे हाताचं काम जरा सराव केला की कुणालाही येतं, तुम्ही तर कारखान्यात मापात काम करणारा माणूस. पण खालून ओल येत असेल तर चाळीस वर्षांचा कसलेला सुतारसुद्धा काही करू शकत नाही.

गोंदाचा निर्णय इतर पद्धतींपेक्षा वेगळा का आहे ते आधी बघूया. लॅमिनेट किंवा क्लिकच्या फळ्या फोमवर नुसत्या अंथरलेल्या असतात, चुकलं तर उकलून परत लावता येतात. रिपांवर खिळे मारले असतील तर खिळे उपटता येतात. गोंदात परत फिरणं नाही. एकदा वाळला की फळी काढताना फळी मोडते, आणि खाली कोब्याला धरून बसलेला गोंद छिन्नीनं नाहीतर ग्राइंडरनं खरवडत बसायला लागतं, तो धुरळा आठवडाभर घरातून जात नाही. म्हणून मजुरी वाचवायचा जो हिशोब तुम्ही मांडलाय तो मला अर्धवट वाटतो. ह्या कामात मोठा पैसा फळ्यांचा आणि गोंदाचा, मजुरी त्यापेक्षा कमीच. चूक झाली तर मात्र फळ्या गेल्या, गोंद गेला आणि खरवडायची मजुरी वर. वाचवायला नक्की वाचवा, पण वाचतंय किती आणि पणाला लागतंय किती हे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून बघा आणि मग ठरवा.

तरी लोक गोंदच का निवडतात, तर पायाखाली ती फरशी घट्ट लागते, चालताना पोकळ टक टक आवाज येत नाही, आणि मोठ्या खोलीत फळ्या जागच्या हलत नाहीत. तुमची आवड चुकीची अजिबात नाही.

आता हॉल. तुम्ही लिहिलंय पाणी घरात आलं नाही, म्हणून तुम्ही निश्चिंत दिसताय. जुलैमध्ये आपण सगळेच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि पाणी आपल्या दारात नाही आलं की सुटलो म्हणतो. पण नदी फुगली की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणीही वर चढतं, ते काही दारातून विचारून येत नाही. जुन्या घरात मोझॅकच्या खाली मुरूम, वाळू, चुना असं काहीतरी असतं, मध्ये प्लास्टिकचा कागद वगैरे घालायची पद्धत तेव्हा नव्हती. मातीतली ओल त्यातून वर झिरपते आणि टाईलच्या सांध्यांतून उडून जाते, माठाला बाहेरून पाझर सुटतो तसं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही कारण ती रोज उडतीय. त्याच्यावर तुम्ही गोंद आणि लाकूड घातलंत की उडायची वाट बंद. मग लाकूड खालून ओल पितं, वरून कोरडं राहतं, खालची बाजू फुगते आणि फळीच्या दोन्ही कडा वर येऊन मध्ये खोलगट होते. त्यातून जुन्या मोझॅकची गुळगुळीत, वर्षानुवर्षं फिनेलनं पुसलेली वरची बाजू, तिला गोंद नीट धरतच नाही, आणि ठोकून बघितलं तर काही टाईल पोकळ वाजतील, म्हणजे त्याच खाली सुटलेल्या आहेत. सुटलेल्या टाईलला फळी कितीही घट्ट चिकटली तरी उपयोग काय.

टाईल उखडून, नवीन कोबा करून, वर इपॉक्सीचा ओल अडवणारा थर देऊन करता येतं, हे मला माहितीय. पण एवढा खर्च करून पूररेषेच्या काठावरच्या तळमजल्यावर लाकूड चिकटवायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. पुढच्या वेळी पाणी गल्लीच्या तोंडाशीच थांबेल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

आणि खरं सांगू का, ती मोझॅक लपवायची तरी कशाला? आजोबांच्या वेळची आहे म्हणता. मशीननं घासून पॉलिश करून घ्या. चिखलासारखा राडा होतो, एक-दोन दिवस हॉल रिकामा ठेवायला लागतो, पण त्यातले दगडाचे तुकडे असे उघडे पडतात की पाहुणे विचारतील नवीन बसवली का. पाण्यानंच घासायचं काम असल्यामुळं पावसाळ्याचा त्याला त्रास नाही. बायकोची गणपतीची मागणी इथं पूर्ण होते बघा, गौरी ज्या हॉलमध्ये बसणार तो हॉल चकचकीत, आणि वरच्या बेडरूममध्ये तसंही पाहुण्यांचं काय काम.

आता वरची खोली, तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. पण आत्ता, ऐन पावसात नको. कारण सांगते. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढं सतत राहिली तर लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या १६-१८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि ३०-३५ टक्क्यांच्या कोरड्या हवेत तेच ६-७ वर येतं. आपल्याकडं आषाढ-श्रावणात काय असतं आणि मार्च-एप्रिलमध्ये काय असतं ते तुम्हाला दारं सांगतील, जी पावसाळ्यात घासतात आणि उन्हाळ्यात सहज लागतात. फुगलेली फळी फळीला खेटून बसवली तर उन्हाळ्यात फटी पडणार. उलट मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत घट्ट बसवली तर पहिल्या पावसाळ्यात तिला पसरायला जागा नसते आणि ती वर उचलायला बघते. इंजिनिअर्ड फळीत आडवे-उभे थर असल्यामुळं ही हालचाल भरीव लाकडापेक्षा कमी असते, पण शून्य नसते. म्हणून दोन टोकांच्या मधला काळ धरायचा, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. गोंदाचीही एक गोम आहे, लाकडी फरशीसाठी जे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा एमएस पॉलिमरचे लवचीक गोंद येतात ते हवेतल्या ओलीनंच वाळतात, त्यामुळं दमट हवेत ते लवकर धरतात आणि नवशिक्याला हात फिरवायला वेळ कमी मिळतो.

तुम्ही बघताय ते व्हिडिओ बहुतेक परदेशातले असणार. तिथं बऱ्याच घरांत खाली प्लायवूडची जमीन असते, वर्षभर हीटर-एसीनं हवा सारखी ठेवलेली असते, आणि कुणी रोज सकाळी बादलीभर पाण्यानं फरशी पुसत नाही. त्यातून हात कसा फिरवायचा ते शिका, वेळापत्रक त्यांचं घेऊ नका.

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, आधी कोबा तपासा. जाड प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवायचा आणि निदान सोळा तास तसाच ठेवायचा, मी तर म्हणेन दोन-तीन दिवस ठेवा. उघडल्यावर प्लास्टिकला आतून थेंब दिसले किंवा कोबा तेवढाच काळपट झाला तर ओल आहे, थांबायचं. एकाच जागी करून चालत नाही, मधोमध एक, खिडकीकडं एक आणि बाथरूमच्या भिंतीला लागून एक, उन्हाचा पट्टा टाळून. काँक्रीट वाळायला साधारण इंचाला एक महिना असा ठोकताळा धरतात, तुमचा स्लॅब मागच्या वर्षीचा म्हणजे नोव्हेंबरपर्यंत भरपूर वेळ झालेला असेल, पण मधे भर पावसात खिडक्या उघड्या राहिल्या असतील तर ते महिने मी तरी धरणार नाही. आणि प्लास्टिक कोरडं निघालं म्हणजे शंभर टक्के कोरडं असंही नाही, ही चाचणी फक्त ढळढळीत ओल पकडते. शंका वाटली तर ओल अडवणारा प्रायमर लावूनच पुढं जा, डब्यावर त्याच कंपनीचा कुठला प्रायमर चालतो ते लिहिलेलं असतं.

त्या बाथरूमकडं माझं जास्त लक्ष आहे. नव्या बांधकामात पहिली गळती तिथूनच सुरू होते, आणि लाकूड बसल्यावर ती कळते तेव्हा कडेच्या दोन-चार फळ्या काळ्या पडलेल्या असतात. फरशीचं काम काढायच्या आधी बाथरूमचं जाळीचं भोक बंद करून इंच-दीड इंच पाणी भरा, चोवीस तास ठेवा, खाली हॉलच्या छताला आणि बेडरूमकडच्या भिंतीला ओल येते का बघा. आली तर पहिल्यांदा ते दुरुस्त, फरशी नंतर.

मग कोब्याचं अंग. खिळा घेऊन त्याच्यावर ओढा, पांढरी पावडर निघत असेल तर वरचा थर कच्चा आहे, त्याच्यावर लावलेला गोंद पावडरीला धरेल, कोब्याला नाही. तेवढा थर घासून काढून व्हॅक्यूमनं धूळ ओढून घ्यायची, नुसती केरसुणी पुरत नाही. दुसरं, ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. शोषले गेले तर ठीक, कमळाच्या पानावर राहतात तसे गोल उभे राहिले तर तिथं ऑइलपेंट, तेल असं काहीतरी सांडलंय, तेही घासायला लागणार. रंगाऱ्यांनी काय काय सांडलेलं असतं ते आपल्याला माहितीच आहे. तिसरं, गवंड्याकडची सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी मागून आणा आणि सगळ्या दिशांनी फिरवा, पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट कुठं दिसायला नको. उंचवटा ग्राइंडरनं काढायचा, खड्डा सेल्फ लेव्हलिंगनं, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणानं, भरायचा, आणि तेही पाण्यात कालवलेलं असतं म्हणून परत वाळू द्यायचं. लोक इथंच कंटाळतात, म्हणतात गोंद जरा जास्त लावू, भरून निघेल. निघत नाही. पोकळी राहते आणि पाय पडला की फळी दबते.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल फळी अजून आलीच नाही. बरोबर आहे, ह्या कामात अर्ध्याहून जास्त वेळ फळी खोक्यातच असते.

आता मामा. मला पत्रातलं एक वाक्य खटकलं, "मामा दुखावतील." हे मामा म्हणाले की आई म्हणाली? पत्रावरून तरी आईचाच अंदाज दिसतोय, मामांना अजून कुणी विचारलेलंच नाही. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस म्हणजे साठीच्या आसपास असणार, आणि हे सगळं काम गुडघ्यावर बसून, वाकून, तासन् तास करायचं आहे. बहिणीनं शब्द टाकला तर ते नाही म्हणणार नाहीत, पण तुम्ही "मामा, गोंदाचं मी करतो" म्हणालात तर कदाचित मनातून सुटल्यासारखंच वाटेल त्यांना. दुखावतील ते कधी, तर काम झाल्यावर पूजेला बोलावून "हे बघा मी केलं" म्हणून दाखवलंत तर. म्हणून सुरुवातीलाच जा, चहाच्या वेळेला, आईला घेऊन नको, एकटे जा, आणि हातात फळीचा एक तुकडा घेऊन जा. सुताराच्या हातात लाकूड दिलं की तो आधी ते उलटून पालटून बघतो, मग बोलणं आपोआप सुरू होतं.

त्यांच्यासाठी काम आहेच, आणि ते तुम्हाला जमणारं नाही. फळी १४ मिलिमीटर आणि गोंदाचा थर धरला की जमीन वर येणार, म्हणजे दार खालून तासायला लागणार, चौकटीचा पाय फळीच्या जाडीएवढा कापून फळी त्याच्या आत सरकवायला लागणार, बाथरूमच्या उंबऱ्याशी पट्टी बसवायला लागणार, आणि शेवटी सगळीकडं स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाची पट्टी. दारं त्यांच्याच हातची आहेत म्हणता, मग त्यांना दुसऱ्या कुणी रंधा लावलेला खरंच आवडणार नाही. पैशाचं म्हणाल तर ते घेणार नाहीत, मामींना दिवाळीला काय द्यायचं ते आईला बरोबर माहीत असतं.

त्यांच्या खिळ्याच्या पद्धतीला नावं ठेवू नका. रिपांवर ठोकलेल्या जमिनी वर्षानुवर्षं टिकतात, जुन्या वाड्यांच्या माड्या बघा. फक्त त्यात उंची दोन-अडीच इंच वाढते, बाथरूमच्या उंबऱ्याचं गणित बिघडतं, आणि नवीन स्लॅबमध्ये लाईटच्या पाइपवरून खिळे मारायची भीती. हे त्यांना सांगितलंत की पटेल. एका गोष्टीवर मात्र ठाम राहा, पांढरा फेविकॉल नको. फर्निचरला तो उत्तमच आहे, मामांचा हात त्याच्यावर बसलेला आहे म्हणून ते तोच सुचवतील, पण त्यात पाणी असतं, पातळ फळी ते पिऊन फुगते, आणि वाळल्यावर तो कडक होतो, लाकडाबरोबर ताणला जात नाही. इथं लवचीक गोंदच पाहिजे, पीयू किंवा एमएस पॉलिमर, डब्यावर लाकडी फरशीसाठी असं स्पष्ट लिहिलेला.

आणि मामांना पटवायचा, स्वतःलाही पटवायचा एक उपाय. जिथं पुढं कपाट उभं राहणार त्या कोपऱ्यात आधी फळीचे दोन तुकडे चिकटवा. चार दिवसांनी मामांच्या हातात छिन्नी-हातोडी द्या आणि म्हणा उचकटून दाखवा. लाकूड फाटलं आणि गोंद कोब्याला धरून राहिला तर काम पक्कं. गोंदासकट तुकडा अलगद निघाला आणि खाली सिमेंटची पावडर दिसली तर कोबा अजून तयार नाही, परत घासा.

प्रत्यक्ष बसवण्याचं फार लांबवत नाही, पण चार गोष्टी लोक हमखास चुकतात. खोली गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आहे असं समजून भिंतीला लावून सुरुवात करतात. कुठलीच खोली गुण्यात नसते. भिंतीपासून माप घेऊन दोरी मारून सरळ रेघ काढा, रेघेवर एक सरळ रीप तात्पुरती पक्की करा आणि पहिली ओळ तिला टेकवा, त्या दोन-तीन ओळी रात्रभर धरू द्या, मग पुढं. ओळींचा हिशोब आधी करा. तुमची रुंदी बारा फूट म्हणजे ३६५८ मिलिमीटर, दोन्ही भिंतींकडं १२-१२ ची फट सोडली की उरले ३६३४. फळी १५० ची असेल तर चोवीस ओळी बसतात आणि शेवटी ३४ मिलिमीटरची चिंधी उरते, ती धड कापताही येत नाही आणि चिकटतही नाही. त्यापेक्षा तेवीस पूर्ण ओळी घ्या आणि पहिली-शेवटची दोन्ही ९२ च्या कापा. तुमच्या फळीची रुंदी वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत हीच. ती भिंतीकडची फट म्हणजे फळीची पसरायची जागा आहे, तिच्यात गोंद, सिमेंट, काहीही भरायचं नाही, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते, आणि स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही.

तीन-चार खोकी एकदम उघडून फळ्या मिसळून घ्या, एका खोक्यातल्या फळ्यांचा रंग एकसारखा असतो, नाहीतर जमिनीवर पट्टे दिसतात. आधी कोरडं मांडून बघा, शेजारच्या ओळींचे आडवे सांधे एकमेकांपासून आठ-दहा इंच तरी लांब पाहिजेत. आणि फळ्या खोलीत कशा आणि किती दिवस ठेवायच्या ते खोक्यावर वाचा, काही कंपन्या खोकी बंदच ठेवायला सांगतात. दिवस मोजण्यापेक्षा ओल मोजायचा साधा सुईवाला मीटर घ्या, आकडा रोज बघा, तो बदलायचा थांबला की फळी तयार.

गोंद दातेरी ट्रॉवेलनंच, म्हणजे दाते असलेल्या थापीनंच, पसरायचा, दात केवढे ते डब्यावर असतं, दुकानदार देईल तो कुठलाही नाही. वीस-पंचवीस मिनिटांत जेवढ्या फळ्या बसतील तेवढाच भाग घ्यायचा, सुरुवातीला दोन ओळींपुरताच. दहाएक फळ्या झाल्या की एक उचलून पाठ बघा, निदान ऐंशी टक्के पाठीला गोंद लागलेला पाहिजे, दातांच्या रेघा तशाच उभ्या दिसत असतील तर फळी नीट दाबली गेलेली नाही किंवा जमीन तिथं खाली आहे. फळीच्या तोंडावर लागलेला गोंद तिथल्या तिथं पुसायचा, संध्याकाळी बघू म्हणालात की तो जन्माचा सोबती. हातमोजे घाला, जुने कपडे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या दिवशी त्या खोलीत झोपू नका. एकट्यानं करणार म्हणता, तर एक माणूस गोंद पसरणारा आणि एक फळी कापून देणारा अशी जोडी असली तर काम निम्म्यानं हलकं होतं. कापायला कोण, ते मी सांगायची गरज नाही. चोवीस तास त्यावर चालायचं नाही, कपाट-पलंग दोन-तीन दिवसांनी, आणि तेही ओढत नाही, उचलून.

एक बोलणं मात्र फळी यायच्या आधीच घरात करून घ्या, फरशी पुसण्याचं. आईला आणि कामाला येणाऱ्या मावशींना सांगा की वरच्या खोलीत बादली जाणार नाही. कोरडा मॉप रोज, आणि फडकं घट्ट पिळून, जेमतेम दमट, तेही कधीतरी. फिनेलचं पाणी बंद. बाथरूमच्या दारात जाड पायपुसणं. ज्या घरात "पाण्यानं पुसल्याशिवाय स्वच्छ वाटतच नाही" असं म्हणणारं कुणी असेल, आणि ते ऐकणारं नसेल, त्या घरात लाकूड घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग टाईल बरी. पहिल्या उन्हाळ्यात केसाएवढ्या फटी दिसल्या तर घाबरून त्यात लांबी-बिंबी भरू नका, पावसाळ्यात त्या मिटतात आणि भरलेलं बाहेर ढकलतात. वाळवीची वर्षातून एकदा पाहणी, वरचा मजला आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, ती भिंतीतून चढते.

राहिला दुकानदार. ॲडव्हान्स दोन्ही खोल्यांचा दिलाय, आता एकच करायची. उद्याच जाऊन बोला, माल अजून उचललेला नाही तर ऑर्डर कमी करायला सहसा कुणी फार ताणत नाही. बारा बाय पंधरा म्हणजे १८० चौरस फूट, कापाकापीला दहा टक्के धरून दोनशेच्या आसपास फळी लागेल. त्यात एक खोकं पुढंमागं दुरुस्तीसाठी शिल्लक ठेवायला जास्तीचं घ्या, तोच रंग नंतर मिळेलच असं नाही. गोंद चौरस मीटरला साधारण एक ते सव्वा किलो लागतो, तुमची खोली पावणेसतरा चौरस मीटर, म्हणजे सतरा ते एकवीस किलो, नक्की आकडा डब्यावरच्या प्रमाणानुसार काढा. आणि आत्ता डिलिव्हरी घेऊ नका. पावसाळाभर फळ्या तुमच्या जिन्याखाली पडून ओल पिणार आणि गोंदाची मुदत डब्यात बसून संपत जाणार. ऑर्डर नोव्हेंबरची करून पावतीवर तसं लिहून घ्या, आणि डबे घेताना प्रत्येकाची तारीख बघून घ्या, झाकण फुगलेला किंवा उघडलेला डबा सूट देत असले तरी नको.